मांडीतली गाठ आणि तीन रिपोर्ट: सॉफ्ट टिश्यू ट्यूमरचे निदान नेमके कसे ठरते

चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा धाकटा भाऊ, वय २६, केळीच्या बागेत राबणारा. उजव्या मांडीत, गुडघ्याच्या थोडी वर गाठ होती. वर्षभर हळूहळू वाढत गेली, पण दुखत नव्हती म्हणून घरात कुणी मनावर घेतले नाही. शेवटी तालुक्याच्या गावी ऑपरेशन करून काढली. पहिला रिपोर्ट आला, ‘स्पिंडल सेल ट्यूमर, सारकोमाची शक्यता, आयएचसी करावी’, म्हणजे लांबट पेशींची गाठ, मऊ ऊतींचा कर्करोग असू शकतो, पेशींतली प्रथिने रंगवून बघावीत. दुसऱ्या लॅबने आयएचसी करून लिहिले, ‘सायनोव्हियल सारकोमाशी सुसंगत, खात्रीसाठी फिश तपासणी करावी’, म्हणजे हा सारकोमाचाच एक प्रकार वाटतो, जीनमधली तूट बघून खात्री करावी. आता मुंबईला न्यायचे ठरले तर तिथून गाठीचे मेणातले ब्लॉक आणि काचेवरच्या स्लाइड सगळेच मागितले आहे. ताई विचारतात: पहिल्या डॉक्टरांना कळलेच नाही का? तीन-तीन तपासण्या कशाला, सुरुवातीलाच थेट जीनची का नाही केली? आणि जीनमध्ये दोष आहे म्हणजे घरातल्या इतरांना, माझ्या मुलांना धोका आहे का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण सगळ्या घराने धास्ती घेतली असेल ती त्याचीच. फिशमध्ये जो बदल शोधतात तो तुमच्या भावाच्या गाठीतल्या पेशींपुरताच असतो. एक्स गुणसूत्राचा एक तुकडा आणि १८व्या गुणसूत्राचा एक तुकडा यांची अदलाबदल होते. त्यातून एसएस१८ आणि एसएसएक्स हे दोन जीन एकमेकांना जोडले जातात आणि पेशीला भलतेच हुकूम देणारे प्रथिन तयार होते. हे त्याच्या जन्मानंतर कधीतरी, शरीरातल्या एखाद्या पेशीत घडले. आईवडिलांकडून ते आलेले नाही आणि पुढच्या पिढीत जाणारही नाही. तुमच्या मुलांची यासाठी कुठलीही तपासणी करायची गरज नाही. भावाचे लग्न व्हायचे असेल तर सोयरिकीच्या वेळी कुणी हा विषय काढेल, त्यांनाही हेच स्पष्ट सांगा.

घराण्यात चालत येणारे काही आजार आहेत, ज्यांत अशा गाठी होतात. न्यूरोफायब्रोमॅटोसिसमध्ये अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग आणि पुष्कळ मऊ गाठी असतात, आणि त्यातली एखादी मज्जातंतूची गाठ पुढे बिघडू शकते. ली-फ्रॉमेनी सिंड्रोममध्ये एकाच घरात लहान वयात वेगवेगळे कर्करोग होतात. आतड्यात शेकडो पॉलिप, म्हणजे छोटे मांसल कोंब, होणाऱ्या घरांमध्ये पोटाच्या डेस्मॉइड, म्हणजे धागेदार ऊतींच्या, गाठी दिसतात. अशी काही पार्श्वभूमी घरात असेल तरच डॉक्टरांना जरूर सांगा. नसेल तर ही काळजी इथेच सोडून द्या.

आता पहिल्या रिपोर्टबद्दल. मी जळगावात पॅथॉलॉजी करते आणि खान्देशातल्या तालुक्यांतून येणाऱ्या गाठी रोज हाताळते, म्हणून ठामपणे सांगते: त्या पॅथॉलॉजिस्टनी जे लिहिले ते प्रामाणिक होते आणि बरोबर होते. शरीरातल्या मऊ ऊती म्हणजे चरबी, स्नायू, नसा, रक्तवाहिन्या आणि त्यांना बांधून ठेवणारे धागे. यातून उठणाऱ्या गाठींमध्ये साध्या गाठी सारकोमापेक्षा किमान शंभरपट जास्त असतात. मोठ्या माणसांच्या एकूण कर्करोगांत सारकोमा जेमतेम एक टक्का. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या गाठींचा मोठा भाग लायपोमाचा, म्हणजे चरबीच्या साध्या गाठींचा असतो. दुसरीकडे, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या वर्गीकरणात मऊ ऊतींच्या गाठींचे शंभराहून जास्त प्रकार आहेत. त्यातल्या कित्येकांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात: लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या, जुड्या बांधल्यासारख्या. अशा वेळी नुसत्या दिसण्यावरून नाव ठोकून देणारा रिपोर्ट मला जास्त भीतीदायक वाटतो. ‘मला इथपर्यंत दिसले, पुढचे उत्तर अमुक तपासणीतून मिळेल’ हे लिहायला धीर लागतो, कारण नातेवाईक काउंटरवर येऊन विचारतात, मग पैसे कशाचे घेतले?

नावाचा एवढा अट्टहास कशाला, तर उपचार नावावर ठरतो. लांबट पेशींची गाठ डेस्मॉइड निघाली तर ती दूरवर पसरत नाही, आणि हल्ली बऱ्याच रुग्णांत ऑपरेशनची घाई न करता लक्ष ठेवून थांबतात. युइंग सारकोमा असेल तर बहुधा आधी केमोथेरपी आणि मग ऑपरेशन किंवा रेडिएशन. त्वचेखालच्या डर्मॅटोफायब्रोसारकोमा या गाठीत एक विशिष्ट जीनजोड असते, आणि ती काढता येण्यासारखी नसेल तर इमॅटिनिब नावाची गोळी चालते. सायनोव्हियल सारकोमात गाठ भोवतालच्या निरोगी भागासह काढणे, त्याला रेडिएशनची जोड, आणि तरुण रुग्णांत मोठी किंवा खोल गाठ असेल तर केमोचाही विचार. मज्जातंतूच्या आवरणाचा सारकोमा स्लाइडवर याच्यासारखाच दिसतो, पण केमोला तितकीशी दाद देत नाही. नाव चुकले तर पुढचा सगळा रस्ता चुकतो.

थेट जीनचीच तपासणी का नाही, याचे उत्तर समजायला थोडे मागे, ऑपरेशन थिएटरपर्यंत जावे लागेल. माझ्या अनुभवात या आजाराचे निदान जिथे बिघडते ती जागा बहुतेक वेळा सूक्ष्मदर्शकाच्या आधीची असते.

गाठ शरीरातून बाहेर आली की तिच्या पेशी सडायला लागतात. फॉर्मॅलिनमध्ये टाकली की ती प्रक्रिया थांबते, पण फॉर्मॅलिन गाठीत तासाला साधारण एक मिलिमीटर इतक्या संथपणे शिरते. दहा सेंटिमीटरची अखंड गाठ तशीच डब्यात टाकली तर मधल्या भागापर्यंत ते पोचायला दोन दिवस उलटून जातात. मे महिन्यात आपल्याकडे पारा कधीकधी ४५च्या वर जातो, पार्सल एसटीच्या टपावर किंवा कुणाच्या गाडीच्या डिकीत असते, आणि तेवढ्या वेळात आतला भाग मऊ, करडा, वास मारणारा झालेला असतो. मी अशी गाठ कापते तेव्हा बाहेरची अर्धा सेंटिमीटर कड घट्ट आणि फिकी दिसते, आत सगळे लिबलिबीत. त्या कडेतूनच काय ते निदान काढायचे. कधी मोठी गाठ सलाइनच्या अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबून येते आणि बाटलीत फॉर्मॅलिन जेमतेम गाठ ओली होईल एवढे असते. फॉर्मॅलिन गाठीच्या किमान दहापट हवे, तेही १० टक्क्यांचे आणि बफर घातलेले. बफर नसेल तर ते आम्लधर्मी होते आणि डीएनएची नासाडी करते. मग सहा महिन्यांनी कुणी कितीही महागडी जीन तपासणी करू द्या, निकालात ‘नमुना तपासणीयोग्य नाही’ एवढेच येते.

आणखी एक रीत मी कळवळून थांबवायला सांगते. घरच्यांच्या समाधानासाठी गाठ मधोमध कापून अर्धी एका लॅबला, अर्धी दुसऱ्या लॅबला पाठवतात. हेतू चांगला असतो. पण तसे केले की गाठीची बाहेरची कड, म्हणजे मार्जिन, कुणालाच नीट तपासता येत नाही. शिवाय सारकोमा सगळीकडे सारखा नसतो. एका अर्ध्यात निरुपद्रवी दिसणारा भाग आणि दुसऱ्यात खरा आजार, असे झाले की दोन रिपोर्ट दोन टोकाचे येतात आणि घरचे दोन्ही डॉक्टरांवरचा विश्वास घालवून बसतात. दुसरे मत हवेच, पण ते त्याच स्लाइडवर आणि त्याच ब्लॉकवर घ्यायचे.

ब्लॉक म्हणजे काय, तेही सांगते, कारण पुढे सगळी भिस्त त्याच्यावर आहे. गाठीतून निवडून घेतलेला तुकडा मेणात बसवून जो छोटा चौकोन तयार होतो तो ब्लॉक. त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढून काचेवर घेतले की ती स्लाइड. साधारण गाठीच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे एक ब्लॉक घ्यावा, असा आमचा दंडक आहे. आठ सेंटिमीटरच्या गाठीतून एकच ब्लॉक घेतलेला असेल तर मी आधी उरलेली गाठ मागवते, मगच मत देते.

स्लाइड हाताला आली की आधी सगळ्यात कमी ताकदीच्या लेन्सखाली बघायची. मोठ्या लेन्सवर उडी मारणारा नवशिका इथेच फसतो. तुमच्या भावाच्या गाठीत, सायनोव्हियल सारकोमा असेल तर, काय दिसत असेल ते सांगते. दुरून पाहता स्लाइड गडद निळी, पेशींनी गच्च भरलेली. जवळ गेले की पेशी विलक्षण एकसारख्या, केंद्रके एकमेकांवर चढलेली, पेशीद्रव नावापुरते. मधूनमधून तारेसारखे कोलॅजनचे धागे, फाटे फुटलेल्या आणि तोंड वासलेल्या रक्तवाहिन्या, इकडेतिकडे मास्ट पेशी आणि कुठे चुन्याचे कण. नशीब चांगले असेल तर लांबट पेशींच्या मधोमध ग्रंथींसारख्या नळ्याही दिसतात. असे दोन्ही घटक असले की निदान बहुतांशी तिथेच होते. पण बऱ्याच गाठींत ग्रंथी नसतातच, नुसत्या लांबट पेशी. एकसारखेपणा हाच मग मोठा धागा. पेशी इतक्या सारख्या असतील तर एखादी ठरावीक जीनजोड तिच्यामागे असण्याची शक्यता वाढते. उलट पेशी आकाराने वाट्टेल तशा, कुठे अक्राळविक्राळ केंद्रके, असे असेल तर गुणसूत्रांची बेसुमार मोडतोड झालेला सारकोमा मनात येतो, आणि तिथे एका जोडणीचा शोध घेण्यात बहुधा अर्थ नसतो.

ग्रेड, म्हणजे गाठ किती आक्रमक आहे याची पायरी, तोही याच स्लाइडवर ठरतो. फ्रेंच पद्धत सर्वत्र वापरतात: पेशी मूळ ऊतीपासून किती दूर गेल्या, विभाजन किती चालू आहे, आणि गाठीचा किती भाग मेला आहे, या तिन्हींचे गुण मिळवायचे. सायनोव्हियल सारकोमाला पहिल्या मुद्द्यात तीन गुण आपोआपच मिळतात, म्हणून तो ग्रेड एक कधीच नसतो. तुमच्या रिपोर्टमध्ये ग्रेड दोन असो की तीन, उपचार गांभीर्यानेच घ्यायचा आहे.

स्लाइडइतकीच गोष्टही महत्त्वाची. आमच्याकडे येणाऱ्या कागदावर पुष्कळदा ‘मांडीतील गाठ’ एवढेच लिहिलेले असते. किती दिवसांत वाढली, खोल की वरवर, किती मोठी, आधी कधी काढली होती का, काहीच नाही. याने काय घोटाळा होतो त्याचे सगळ्यात बोलके उदाहरण नोड्युलर फॅसाइटिसचे. तरुण माणसाच्या हातावर दोन-तीन आठवड्यांत दोन सेंटिमीटरची गाठ उठते. स्लाइडवर पेशी जोरात विभागताना दिसतात, अननुभवी डोळ्याला सारकोमा वाटतो. १९५५ साली या गाठीचे पहिले वर्णन झाले तेव्हापासून तिने कितीतरी जणांना चकवले आहे. आणि ती आहे मात्र अगदी निरुपद्रवी, कित्येकदा आपणहून विरघळणारी. २०११मध्ये तिच्यात यूएसपी६ या जीनची जोडणी सापडली, त्यामुळे अडलेल्या वेळी आता ते तपासता येते. पण कागदावर ‘तीन आठवड्यांत उठली, वरवर आहे, दोन सेंटिमीटर’ एवढे लिहिलेले असले तर फॅसाइटिस पहिल्यांदाच मनात येतो आणि सारकोमाचा शिक्का मारायला हात थबकतो. असा शिक्का चुकून बसला तर कुणाच्या हातावर विनाकारण मोठे ऑपरेशन होते.

आता आयएचसी. गाठीच्या पातळ कापावर ठरावीक प्रथिनाला जाऊन चिकटणारी अँटीबॉडी सोडतात. ते प्रथिन पेशीत असेल तर तिथे तपकिरी रंग उमटतो. एवढेच तंत्र. अवघड आहे ते कोणती अँटीबॉडी मागवायची आणि उमटलेल्या रंगाचा अर्थ काय लावायचा. भावाच्या स्लाइडवर माझ्या मनात असणारी नावे अशी: सायनोव्हियल सारकोमा, मज्जातंतूच्या आवरणाचा सारकोमा, सॉलिटरी फायब्रस ट्यूमर, स्नायूंचा सारकोमा, शिवाय मेलॅनोमा. मेलॅनोमा हा त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग, पण लांबट पेशींचे रूप घेऊन तो फसवतो. म्हणून केराटिन आणि ईएमए, एस-१०० आणि सॉक्स१०, डेस्मिन, सीडी३४, स्टॅट६, टीएलई१ अशी निवड होते. सायनोव्हियल सारकोमात केराटिन आणि ईएमए ठिपक्याठिपक्यांनी का होईना उमटतात, टीएलई१ केंद्रकांत गडद दिसते, सीडी३४ सहसा कोरे राहते. सॉलिटरी फायब्रस ट्यूमरमध्ये स्टॅट६ केंद्रकांत ठळक येते, कारण त्या आजाराची जीनजोडच स्टॅट६ला केंद्रकात नेऊन बसवते. या अँटीबॉडीने आमचे काम फार सोपे केले.

पण एकट्या अँटीबॉडीवर भरवसा ठेवणाऱ्याचा घात होतो. टीएलई१ मज्जातंतूच्या सारकोमातही येऊ शकते. एस-१०० मज्जातंतूची खूण म्हणून शिकवतात, पण काही सायनोव्हियल सारकोमांतही ती विखुरलेली दिसते. सीडी९९ पाहून युइंग सारकोमा लिहिलेले रिपोर्ट माझ्याकडे दुसऱ्या मतासाठी येतात. सीडी९९ सायनोव्हियल सारकोमातही येते आणि लिम्फोब्लास्टिक लिम्फोमातही. म्हणून युइंगसाठी मी एनकेएक्स२.२ जोडीला लावते आणि लिम्फोमाच्या खुणा तपासल्याशिवाय पुढे जात नाही. काही ठिकाणी तर रंग न येणे हीच खूण असते. एपिथेलिऑइड सारकोमात आयएनआय१ हे एरवी प्रत्येक पेशीत असणारे प्रथिन गाठीतून गायब होते. अशा वेळी शेजारच्या रक्तवाहिनीच्या साध्या पेशींत रंग आला आहे ना, हे आधी बघायचे. तिथेही नसेल तर तपासणीच फसलेली आहे, आजार सिद्ध झालेला नाही.

आता सायनोव्हियल सारकोमासाठी थेट एसएस१८-एसएसएक्स जोडप्रथिनाला ओळखणारी अँटीबॉडीही आली आहे. ती गाठभर ठळक उमटली आणि स्लाइडवरचे चित्र जुळत असेल तर बऱ्याच तज्ज्ञ केंद्रांत फिशचा आग्रह धरत नाहीत. खर्चाचे गणित असेल तर ब्लॉक देताना हे जरूर विचारा: ‘ही अँटीबॉडी तुमच्याकडे आहे का? त्यावर भागेल का?’

फिश म्हणजे जीनच्या दोन्ही बाजूंना लाल आणि हिरव्या प्रकाशाच्या खुणा लावून अंधाऱ्या खोलीत फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजणे. जीन शाबूत असेल तर लाल-हिरवे लगटून दिसतात. एसएस१८ तुटलेला असेल तर एका जोडीतले लाल एकीकडे, हिरवे दुसरीकडे. सायनोव्हियल सारकोमाच्या ९५ टक्क्यांहून जास्त गाठींत ही तूट सापडते, आणि दुसऱ्या आजारांत ती जवळजवळ नसते, म्हणून इथे फिशचा निकाल वजनदार आहे.

सगळ्याच जीनचे असे नाही, आणि ‘थेट जीनचीच का नाही’ याचे खरे उत्तर इथे आहे. युइंग सारकोमात ईडब्ल्यूएसआर१ हा जीन तुटतो, पण तोच जीन क्लिअर सेल सारकोमात, पोटातल्या डेस्मोप्लास्टिक स्मॉल राउंड सेल ट्यूमरमध्ये आणि इतरही अनेक गाठींत तुटलेला असतो, त्यातल्या काही तर बऱ्यापैकी साध्या. फिश फक्त ‘तुटला’ एवढेच सांगते, कुणाशी जोडला गेला ते सांगत नाही. स्लाइड न पाहता नुसता तो निकाल हातात घेतला तर भलताच आजार कपाळी लागेल. आणि प्रश्न विचारल्याशिवाय फिश करताच येत नाही. एसएस१८ तपासायचा, एमडीएम२ तपासायचा की यूएसपी६, हे स्लाइड आणि आयएचसी यांनीच ठरवायचे असते. एकाच वेळी पुष्कळ जीनजोडण्या शोधणारी आरएनएची एनजीएस तपासणी आहे, आणि चित्र कुठेच बसत नसेल तेव्हा ती मोठे काम करते. मात्र ती महाग आहे, वेळ घेते, आणि ब्लॉकमधला आरएनए चांगला असेल तरच बोलते. गाठीत चुना असेल आणि तो काढायला नायट्रिक आम्लात तुकडा बुडवला असेल तर तो ब्लॉक यासाठी जवळपास वाया गेलेला असतो. अशा गाठीचा चुना नसलेला तुकडा वेगळा ठेवावा, नाहीतर ईडीटीए या सौम्य रसायनात सावकाश चुना काढावा.

जीन तपासणी कुठे पैसा वसूल करते याची आणखी एक जागा सांगते, कारण आपल्याकडे तिची गरज वारंवार पडते. पन्नाशी-साठीचा शेतकरी, मांडीत खोल, वर्षानुवर्षे वाढलेली चरबीची गाठ. अहिराणीत त्याचे ठरलेले वाक्य, ‘दुखस नही, मंग कसाले दखाडानं?’ गाठ पंधरा-वीस सेंटिमीटरची झाल्यावर येते. स्लाइडवर जवळपास लायपोमाच, फक्त मधल्या पट्ट्यांत चारदोन गडद केंद्रके संशय वाढवणारी. इथे एमडीएम२ जीनच्या प्रती वाढलेल्या आहेत का हे फिशने बघायचे. वाढलेल्या असतील तर ती गाठ लायपोमा नव्हे, पुन्हा उठण्याची शक्यता आहे, लक्ष ठेवावे लागेल. वाढलेल्या नसतील तर माणूस निश्चिंतपणे घरी जाऊ शकतो. पण पाठीवरच्या चार सेंटिमीटरच्या प्रत्येक साध्या लायपोमाला हीच तपासणी लावणे म्हणजे रुग्णाला नाहक भुर्दंड.

२०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात तज्ज्ञांनी स्लाइडवर निदान केलेल्या ३८४ सारकोमा रुग्णांच्या गाठींची जीन तपासणी केली. ५३ जणांचे निदान त्यानंतर बदलले. म्हणजे जाणकारांच्या नजरेलाही सातातल्या एका रुग्णात जीनने दुरुस्ती सुचवली, आणि उरलेल्या सहांत त्या नजरेवर शिक्कामोर्तब केले. या दोन्ही बाजू मला सारख्याच महत्त्वाच्या वाटतात. दुसऱ्या लॅबने ‘सुसंगत’ हा शब्द वापरून फिश सुचवली ती याच हिशेबाने.

एक अवघड गोष्ट बोलायला हवी. पाच सेंटिमीटरहून मोठी, स्नायूंच्या खाली खोल असलेली किंवा वाढत जाणारी गाठ थेट काढू नये. आधी एमआरआय, मग जाड सुईने चारपाच तुकडे घेऊन बायप्सी, आणि निदान झाल्यावर पूर्ण बेत आखून ऑपरेशन, असा क्रम हवा. नुसत्या बारीक सुईच्या एफएनएसीवर सारकोमाचा प्रकार ठरवणे बहुतेक वेळा जमत नाही. ‘सुई लावली की गाठ पसरते’ ही भीती आपल्याकडे घट्ट बसली आहे आणि तिच्यामुळे लोक बायप्सीला नकार देऊन थेट ‘काढूनच टाका’ म्हणतात. नीट जागा निवडून केलेल्या सुईच्या बायप्सीतून असा धोका अगदीच नगण्य असतो, आणि सुईची वाट पुढच्या ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर काढता येते. बेत न आखता गाठ सोलून काढली तर मात्र तिच्या पेशी भोवतालच्या जागेत मागे राहण्याची शक्यता मोठी असते. तुमच्या भावाची गाठ अशी निघाली असेल तर मुंबईचे डॉक्टर त्या जागेचे पुन्हा ऑपरेशन सुचवतील. ऐकून धक्का बसू देऊ नका, ती नेहमीची आणि योग्य पायरी आहे. पहिल्या सर्जनना दोष देत बसण्यात आता वेळ घालवू नका. त्यांच्याकडून ऑपरेशनची सविस्तर नोंद मात्र मागून घ्या: गाठ कोणत्या थरात होती, अखंड निघाली की फुटली, ड्रेन, म्हणजे जखमेतले पाणी बाहेर नेणारी नळी, कुठून काढला होता. या तीन गोष्टींवर पुढच्या सर्जनचा छेद ठरतो.

आता काय करायचे ते. पहिल्या लॅबमधून सगळे ब्लॉक आणि सगळ्या स्लाइड सही करून ताब्यात घ्या, दुसऱ्या लॅबकडून आयएचसीच्या स्लाइडही. गाठीचा उरलेला भाग फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला असेल तर तो टाकू नका असे लेखी कळवा. लॅब असे उरलेले नमुने ठरावीक काळाने नष्ट करतात. ब्लॉक दर वेळी कापताना थोडा झिजतो, आणि चार ठिकाणी हिंडवला तर शेवटी नुसते मेण उरते. म्हणून मधल्या आणखी कुठल्या लॅबमध्ये आता तो देऊ नका. जिथे उपचार घ्यायचे तिथेच एकदा द्या आणि राहिलेल्या तपासण्यांसाठीचे काप एकाच बैठकीत काढायला सांगा. टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या स्लाइड-ब्लॉकची फेरतपासणी करून घेण्याची रीतसर सोय आहे, तिथल्या पॅथॉलॉजिस्टचे मत आल्याशिवाय तिथे उपचार ठरवत नाहीत. प्रवासात ब्लॉक कापसात गुंडाळून डबीत, डबी हातातल्या पिशवीत. मेण ६० अंशांच्या आसपास वितळते आणि उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे त्याच्या बरेच जवळ तापमान जाते. मुक्कामासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा, तिथे टाटाचे रुग्ण आणि नातेवाईक उतरतात.

पहिल्या भेटीला कागदांच्या वर एक पान तुमच्या हाताने लिहून लावा: गाठ पहिल्यांदा कधी दिसली, कशी वाढली, ऑपरेशनची तारीख, आधी सुई कधी लावली होती का. ऑपरेशनआधीची सोनोग्राफी किंवा एमआरआयची फिल्म असेल तर तीही सोबत. फिशचा निकाल यायला वेळ लागेल, पण तेवढ्यासाठी छातीचा सीटी स्कॅन आणि मांडीचा एमआरआय अडवून ठेवायची गरज नाही. हा आजार पसरला तर बहुधा आधी फुप्फुसात जातो, आणि निदान नावासकट पक्के होईपर्यंत या दोन्ही तपासण्या हातात असल्या तर उपचाराचे दोन-तीन आठवडे वाचतात. त्या जळगावात किंवा धुळ्यात, निघण्याआधीच करून घ्या.